दुसरा हात

त्या प्रयोगशाळेत एक रीत होती. कुणी काही नवं करून दाखवलं की ते लगेच खरं मानायचं नाही. करणाऱ्याने कृती लिहून द्यायची, आणि दुसऱ्या कुणीतरी ती वाचून, पहिल्याला एका शब्दाने न विचारता, तेच पुन्हा करून दाखवायचं. याला तिथे 'दुसरा हात' म्हणत. दुसऱ्या हाताने तेच घडलं तर शोधनिबंध छापायला जायचा, नाही घडलं तर कपाटात. रीत प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या मॅडमनी घातलेली होती आणि चांगलीच होती. पण ज्याचा प्रयोग दुसऱ्या हाती उतरत नाही, त्याच्याकडे लोक कोणत्या नजरेने बघतात याबद्दल रीतीत काही सांगितलेलं नव्हतं.

खात्रीताईचा प्रयोग दुसऱ्या हाती तिसऱ्यांदा फसला, तेव्हा सगळे चहाच्या टेबलाशीच होते. दुसरा हात म्हणून नेमलेल्या गृहस्थांना प्रयोगशाळा 'इस्त्री' म्हणायची. त्यांच्या शर्टाची घडी कधी मोडत नसे, आणि बोलण्याचीही नाही. त्यांनी हातातली बाटली दिव्यासमोर धरली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि म्हणाले, "पिवळं." मग बाटली टेबलावर ठेवली आणि आपल्या कपात साखर घालून ढवळू लागले. चहा कडू झाला होता म्हणून नव्हे, पण बाकीच्यांनी आपापला घोट घाईघाईने संपवला.

आता हे पिवळं म्हणजे काय, ते सांगायला हवं. चांदी बारीक करत गेलं, इतकी बारीक की केसाच्या जाडीत तिचे हजारभर कण एका ओळीत बसावेत, की ती चांदीसारखी दिसायची सोडून देते. पाण्यात तरंगणारे असे गोल कण पिवळे दिसतात. तेच कण चपटे, तीन कोनांचे झाले की निळे दिसतात. खात्रीताईला निळे कण जमले होते. उजेड पडला की वीज देणारी एक पातळ पट्टी असते. तांबड्या उजेडात ती एरवी मरगळलेली असते, फारसं काही देत नाही. तिच्यावर खात्रीताईच्या निळ्या पाण्याचा पातळ थर दिला की तीच पट्टी तांबड्या उजेडात दुपटीने वीज द्यायला लागायची. कण तांबडा उजेड पकडतात आणि पट्टीच्या पदरात टाकतात, असं त्याचं साधं कारण. आणि कण निळे का होतात, याचं तिने शोधलेलं कारण असं, की ती त्यात घालत असलेल्या एका क्षाराचं प्रमाण नेमकं असतं. याच प्रमाणावर तिचा सगळा प्रबंध उभा होता. इस्त्रींनी तोच क्षार, तेच प्रमाण, तेच पाणी, तीच भांडी घेतली होती. तिन्ही वेळा पिवळं.

खात्रीताई काही पोरसवदा विद्यार्थिनी नव्हती. बरीच वर्षं कॉलेजात मुलांना भौतिकशास्त्र शिकवून, लेक हाताशी आल्यावर, चाळिशी उलटल्यावर ती संशोधनाला आली होती. नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून चौकटीत बसवायचा. घरी सासूबाई होत्या, त्या तोंडाने फटकळ आणि मनाने मोकळ्या. एवढ्या वयात पुन्हा शिकायला बसलीस, लोक काय म्हणतील, असं म्हणणारे नातेवाईक होतेच; त्यांना सासूबाईंनीच गप्प केलं होतं.

खात्रीताई हे टोपणनाव तिला प्रयोगशाळेने दिलं असलं तरी ते तिला फार आधीपासून शोभत होतं. कुलूप लावलं की ती जिन्यावरून परत फिरून ते ओढून बघायची. गॅस बंद केला की बंद केलाय ना, म्हणून पुन्हा स्वयंपाकघरात जायची. पत्र टपालपेटीत टाकल्यावर ते आत पडलं की फटीतच अडकलं, हे बघायला डोळा फटीला लावायची. या सवयीमागे एखादी करुण कथा जोडता आली असती, लोकांना तसं आवडतं. पण तशी काही कथा नाही. ती जन्मतःच तशी होती. "आमच्याकडे दूध कधी उतू जात नाही," नवरा पाहुण्यांना सांगायचा, "त्याला बिचाऱ्याला तशी संधीच मिळत नाही."

तिसऱ्या पिवळ्यानंतर प्रयोगशाळेतलं वारं बदललं. तिला कुणी काही बोललं नाही, हीच तर पंचाईत. ती आत आली की चाललेलं बोलणं थांबायचं, आणि मग कुणीतरी हवापाण्यावर बोलायला लागायचं. निळं पाणी बाजारात तयार विकत मिळतं, ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, आणि त्या आठवड्यात ती सगळ्यांना एकदम आठवली असावी. कारण ऑर्डर देणारा लिपिक तिला सहज म्हणून विचारून गेला, की ताई, तुम्ही बाहेरून काही मागवलं होतं का. ती नाही म्हणाली. मग घरी जाताना बसमध्ये तिच्या लक्षात आलं की त्याने ते सहज विचारलेलं नव्हतं. तिचे कान गरम झाले. पूर्वी एकाचा प्रयोग असाच दुसऱ्या हाती उतरला नव्हता. त्याला कुणी काढलं नाही. त्याच्याबरोबर जेवायला बसणं तेवढं लोकांनी हळूहळू सोडलं आणि एक दिवस तो आपला आपण गेला. त्याने खरंच लबाडी केली होती की नव्हती, हे अजून कुणालाच माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायची कुणाला गरजही वाटली नव्हती.

मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. मॅडमचा आवाज नेहमी मऊ असायचा, त्या कुणावर ओरडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. "बाळ," त्या म्हणाल्या, कारण त्या सगळ्यांनाच बाळ म्हणत, "तू एकदा त्यांच्यासमोर कर. ते नुसतं बघतील." खात्रीताई लगेच हो म्हणाली. कर नाही त्याला डर कशाला, असं तिने स्वतःला दहादा सांगितलं. आपल्या हाताने होतंच, मग हात दाखवायला काय हरकत आहे.

त्या सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. भांडी तिने आम्लाने धुतली, मग शुद्ध पाण्याने खळखळून, मग पुन्हा एकदा. इस्त्री आले, एक स्टूल ओढून तिच्या टेबलापासून थोड्या अंतरावर बसले आणि हाताची घडी घातली. तिने काचेचा चंबू बर्फात ठेवला. आत चुंबकाची कांडी गरगर फिरत होती. चांदीचा क्षार घातला, तो दुसरा क्षार घातला, आणि मग एकेक थेंब करत ते औषध सोडायला लागली, ज्याने चांदी पाण्यातून कणांच्या रूपाने बाहेर येते. पाणी आधी फिकट पिवळं, मग गडद पिवळं झालं. इथवर सगळं रोजच्यासारखं होतं. इथून पुढे कृतीत लिहिलं होतं, की चंबूला फॉइल गुंडाळावी आणि ढवळत ठेवावं. चांदीचे क्षार उजेडाने बिघडतात म्हणून अंधारात ठेवायचं, हे तर शाळेतलं पोरही सांगेल. तिने फॉइल गुंडाळली.

मग नुसतं बसून राहायचं होतं. तिचा हात आपोआप फॉइलकडे गेला. इस्त्रींनी मान वर केली. तिने हात मागे घेतला. आपण सारखं चंबूशी खेळत राहिलो तर हे म्हणतील, आत काहीतरी टाकतेय. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिली, परीक्षेच्या हॉलमध्ये पेपर लवकर सोडवून झालेल्या मुलीसारखी. दुपारी त्यांनी चंबू आपल्या कपाटात ठेवला, तो ढवळण्याच्या यंत्रासकट, आणि कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. यात अपमान काही नव्हता; रीतच तशी होती. तरी तिला रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी फॉइल काढली. पिवळं.

खात्रीताई त्या चंबूकडे बघत उभी राहिली. इस्त्रींच्या हाताने पिवळं झालं, तेव्हा त्यांचं काहीतरी चुकत असेल असं तरी मनात आणता येत होतं. हे तिच्या स्वतःच्या हाताने झालं होतं, तिच्या डोळ्यांदेखत. आजवर आपण जे निळं पाहिलं, ते पाहिलं तरी होतं का, इथपर्यंत तिच्या मनाची मजल गेली. इस्त्रींनी त्यातलं अर्धं एका बाटलीत ओतून घेतलं, बाटली पुन्हा आपल्या कपाटात ठेवली. उरलेलं अर्धं तिच्या चंबूत राहू दिलं. मग मॅडमच्या खोलीत बैठक ठरली. बैठक कशाबद्दल, हे कुणी तिला सांगितलं नाही, आणि तिला बोलावलंही नाही.

ती आपल्या खिडकीजवळच्या टेबलाशी एकटी बसली. फॉइलचा चुरगळलेला तुकडा खिडकीच्या कट्ट्यावर टाकला आणि चंबू समोर ओढून घेतला. आता लपवायचं काय होतं, आणि कुणापासून. बैठक लांबत गेली. ऊन टेबलावर आलं आणि तिथेच पसरून राहिलं. ती चंबूकडे बघत होती खरी, पण मनाने ती लेकीला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होती. आईने लबाडी केली, असं कुणी लेकीच्या कानावर घातलं तर? त्या विचाराने तिला रडू आलं. डोळे पुसून तिने पुन्हा पाहिलं तर पाणी पिवळं नव्हतं.

निळंही नव्हतं. हिरवट होतं, चिंचेच्या कोवळ्या पाल्यासारखं, पण पिवळं नक्की नव्हतं. तिने चंबू उचलून पांढऱ्या भिंतीसमोर धरला, मग पांढऱ्या कागदासमोर धरला. हिरवट. आणि तेवढ्यात दार उघडून इस्त्री आत आले.

माणसाचं नशीब कधीकधी अशी थट्टा करतं. जे तिला हवं होतं तेच झालं होतं, आणि झालं तेव्हा खोलीत ती एकटी होती. इस्त्रींनी चंबू पाहिला. मग तिच्याकडे पाहिलं. मग आपल्या कपाटाशी गेले, कुलूप काढलं, आपली बाटली आणून तिच्या चंबूशेजारी ठेवली. बाटलीतलं पिवळं जर्द होतं. सकाळी हे दोन्ही एकाच चंबूत होतं.

"यात काय घातलंत?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"मग रंग कसा बदलला?"

"मला माहीत नाही. मी नुसती बघत होते."

"नुसतं बघून रंग बदलतो?"

ते चिडून म्हणाले होते, त्याला उत्तराची अपेक्षा नव्हती. पण खात्रीताईची नजर कट्ट्यावरच्या फॉइलवर गेली, तिथून टेबलावरच्या उन्हावर. ती हळूहळू, एकेक शब्द चाचपत म्हणाली, "बघायचं तर फॉइल काढावी लागते. फॉइल काढली की उजेड आत जातो."

"फॉइल काढायची नाही असं तुमच्याच कृतीत लिहिलंय."

"हो. मीच लिहिलंय."

"आणि तुम्ही काढता?"

"सारखी," ती म्हणाली. "दर थोड्या वेळाने. नीट होतंय ना, बघायला. मला राहवत नाही. काल तुम्ही समोर होतात म्हणून काढली नाही."

इस्त्री हसले नाहीत. "हे तुम्ही मला सांगितलं नाहीत."

खरंच सांगितलं नव्हतं, कारण तिला ते काही केल्यासारखं कधी वाटलंच नव्हतं. श्वास घेतल्याचं कुणी कृतीत लिहितं का. फॉइल वर करायची, डोकवायचं, जरा वेळ रंग निरखत बसायचं, पुन्हा झाकायचं, आणि मनाशी म्हणायचं की आपण कृती अगदी तंतोतंत पाळली. सगळी वर्षं तिने असंच केलं होतं, या खिडकीत, या उन्हात. जे निळे कण ती क्षाराच्या प्रमाणाने होतात असं लिहीत आली होती, ते बहुधा उजेडाने घडत होते. क्षाराला फुकटचं श्रेय मिळत होतं. हे तिला एका झटक्यात दिसलं, आणि त्याबरोबर दुसरंही दिसलं: हे खरं असेल तर आपला प्रबंध मुळातून चुकला, आणि खरं नसेल तर आपण चोर. एक तर मूर्ख, नाही तर चोर. खात्रीताई त्या क्षणी मनोमन हात जोडून विनवत होती, की देवा, मला मूर्ख ठरव.

मॅडम आल्या तेव्हा दोघंही टेबलाशी तसेच उभे होते. तिने सगळं सांगायचा प्रयत्न केला, पण घाईत वाक्यं एकमेकांत अडकली. मॅडमनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. बाळ, आता पुरे, त्या म्हणाल्या. निबंध आपण बाजूला ठेवू, कुणाला काही सांगायची गरज नाही, तू थोडे दिवस घरी राहा, दमली आहेस. इतकं मायेने म्हणाल्या, की तिला वाटलं, यांनी आपल्याला एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. झाकली मूठ झाकलीच राहू दे, असा त्याचा अर्थ होता. मुठीत काय आहे, ते मॅडमना बघायचं नव्हतं.

बोलले ते इस्त्री. "मॅडम, मी करून बघतो."

"कशाला आता?"

"दुसरा हात मी आहे. त्यांनी आज पहिल्यांदा पूर्ण कृती सांगितली. ती मी अजून केलेली नाही." मग खात्रीताईकडे वळून, कोरड्या आवाजात, "पण तुम्ही इथे थांबायचं नाही. इमारतीतच यायचं नाही. फोन करायचा नाही. माझं झालं की मी कळवीन."

तिने पर्समधून प्रयोगशाळेची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघणारी ती बाई, ज्याच्यावर तिचं अख्खं नाव टांगलेलं होतं ते एका माणसाच्या स्वाधीन करून जिना उतरली. आणि तो माणूस असा, की ज्याचा तिच्यावर विश्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. पाऊस पडत नव्हता, नुसतं करडं छत ताणून ठेवल्यासारखं आभाळ होतं, आणि ऊन नावाला नव्हतं. खात्रीताई खिडकीशी जाऊन उभी राहायची, आत यायची, पुन्हा जायची. उजेड कमी पडला तर रंग बदलणार नाही. बदलला नाही तर इस्त्री 'पिवळं' म्हणतील. ते एकदा म्हटलं की संपलं. कमी उजेडात थांबावं लागतं, हे त्यांना कळेल का? फोन करून सांगावं का? तिने फोन उचलून पुन्हा खाली ठेवला. असं तिने किती वेळा केलं ते नवऱ्याने मोजलं असतं तर त्याला आयुष्यभराचा विनोद मिळाला असता, पण त्यानेही त्या दिवसांत थट्टा केली नाही.

जेवताना तिने त्याला उजेडाचं सगळं सांगितलं. तो घास चघळत ऐकत होता. मग म्हणाला, उन्हात गेलं की काळी होणारी भिंगं नाहीत का, काचेची, त्यातही चांदीच असते की. खात्रीताईच्या हातातला घास हातातच राहिला. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. कॉलेजात तिने हे फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं, वर्षानुवर्षं. तिने ताट बाजूला सारलं आणि स्वतःवर अशी चिडली, की नवऱ्याला वाटलं आपलंच काही चुकलं. त्याने घाईघाईने विषय बदलून भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं, आणि मग ते सांगितल्याचाही त्याला पश्चात्ताप झाला.

आभाळ हटेना. एका संध्याकाळी ती सासूबाईंजवळ जाऊन बसली. त्या जुन्या साडीच्या कापडाच्या पिशव्या शिवत होत्या. खात्रीताई म्हणाली, "आई, तिथे सगळ्यांना वाटतंय की मी खोटेपणा केला."

सासूबाईंनी सुईत दोरा ओवला आणि मग मान वर केली. "खोटेपणा करायला छाती लागते गं. तुझ्यात कुठून येणार ती? तू केला असतास, तर केला की नाही याची खात्री करायला सकाळी पुन्हा जाऊन बघितलं असतंस, आणि तिथेच पकडली गेली असतीस." बोलून त्या पुन्हा शिवायला लागल्या. खात्रीताईला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं, आणि तिने बराच वेळ त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. आपल्याला ओळखणारं एक तरी माणूस जगात आहे, याचा त्या वेळी तिला फार आधार वाटला.

मग आभाळ निवळलं. ऊन पडलं, चांगलं सणसणीत. त्या दिवशी काही कळलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मॅडम म्हणाल्या होत्या तसं हे सगळं शांतपणे विसरलं जातंय, अशी तिची समजूत होत चालली होती. तेव्हा इस्त्रींचा निरोप आला. त्यात एकच शब्द होता: "या."

'या' म्हणजे काय? चांगलं की वाईट? बसमध्ये ती त्या एका अक्षरावर डोकं फोडत होती. आपलं सामान न्यायला या, असाही त्याचा अर्थ होऊ शकत होता. तिने प्रयोगशाळेचं दार ढकललं.

इस्त्री तिच्या खिडकीशी उभे होते, शर्टाची घडी जशीच्या तशी. कट्ट्यावर उन्हात बाटल्यांच्या जोड्या मांडलेल्या होत्या. आपल्या जुन्या अर्ध्या बाटलीवर ते थांबले नव्हते. त्यांनी सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं होतं, स्वतःच्या हाताने, पुन्हा पुन्हा. दर वेळी तयार झालेलं पाणी दोन बाटल्यांत वाटलं होतं, एकीला फॉइल, दुसरी उघडी, दोन्ही शेजारी शेजारी, म्हणजे उन्हाची ऊब दोघींना सारखीच. आता त्यांनी एकेका बाटलीची फॉइल काढली. झाकलेल्या सगळ्या पिवळ्या होत्या. उघड्या सगळ्या निळ्या.

ती काही बोलायच्या आत त्यांनी तिला टेबलाशी नेलं. तिथे पट्ट्या तयार होत्या, एकीवर पिवळ्याचा थर, एकीवर निळ्याचा. त्यांनी खोलीतला दिवा मालवला आणि तांबडा दिवा लावला. पिवळ्या थराच्या पट्टीवर वीज मोजणाऱ्या मीटरचा काटा जरासा हलून बसला. निळ्या थराच्या पट्टीवर तो उठला, चढत गेला आणि दुपटीपाशी जाऊन थांबला. त्यांनी दिवा झाकला. काटा खाली आला. उघडला, पुन्हा चढला.

"तुमचं स्पष्टीकरण चुकलंय," इस्त्री म्हणाले. "तुमचा प्रयोग खरा आहे."

खात्रीताई स्टुलावर बसली. क्षाराच्या प्रमाणावर लिहिलेलं सगळं आता फाडून टाकायचं होतं, पुन्हा पहिल्यापासून, या वयात. ते दुःख होतंच. पण ते दुःख तिला गोड वाटत होतं. ती चोर ठरली नव्हती.

मॅडमना कळलं तशा त्या लगबगीने आल्या. बाटल्या पाहिल्या, काटा पाहिला, आणि तिला जवळ घेतलं. "बाळ, मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून माहीत होतं."

इथे दुसरं कुणी असतं तर मान खाली घालून 'हो मॅडम' म्हणालं असतं. पण खात्रीताईचा स्वभाव तसा नव्हता. तिला कुठलीही गोष्ट ओढून बघितल्याशिवाय सोडता येत नसे. ती थोडी मागे सरली आणि मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहत तिने विचारलं, "खरंच माहीत होतं?"

मॅडमनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. त्या वाईट बाई नव्हत्या, म्हणून त्यांना खोटं रेटता येईना. "नाही," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तू बाहेरून आणलंस. तुला तिकडे घ्यावं म्हणून मी शिकवण्याच्या विभागात बोलूनही ठेवलं होतं. तुला त्रास होऊ नये म्हणून."

खात्रीताईला ते लागलं, आणि फार आत लागलं. सगळ्या प्रयोगशाळेच्या कुजबुजीपेक्षा तो खांद्यावरचा मऊ हात आता जास्त टोचायला लागला. तिने इस्त्रींकडे पाहिलं. "आणि तुम्हाला?"

"मलाही तसंच वाटलं होतं," ते म्हणाले. "मी तसं विचारलं तुम्हाला. यात काय घातलंत, म्हणून."

"हो," ती म्हणाली. "विचारलंत."

मग मॅडमनी घसा साफ करून कामाचं काढलं. आता उजेडाची कृती नव्याने लिहावी लागेल, तिला पुन्हा दुसरा हात लागेल. या वेळी दुसरं कुणीतरी नेमू, त्या म्हणाल्या. इतकं सगळं झाल्यावर यांच्यासमोर काम करणं तुला अवघड जाईल, एखादं मायेचं माणूस देते.

"नको मॅडम," खात्रीताई म्हणाली. "मला हेच हवेत."